कातळवीराची शिंक

त्रेचाळीस वर्षांच्या, टक्कल पडायला लागलेल्या माणसानं कॉमिकवरनं भांडावं का? भांडू नये. पण सुगतला हे सांगणार कोण! बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तो तयार माल तपासायच्या कामावर होता. दिवसभर लोखंडाच्या तुकड्यांतल्या चुका काढायच्या आणि घरी आलं की मोबाईल उघडून कातळवीराच्या काढायच्या, हा त्याचा उद्योग. 'कातळवीर कट्टा' नावाच्या ग्रुपात त्याच्याएवढं तावातावानं कुणी लिहीत नसे.

कातळवीर हा त्याच्या लहानपणीचा चित्रकथेतला वीर. संकट आलं की हा गडी अंगाचा कातळ करून उभा राहायचा. ती मालिका बंद पडून जमाना झाला होता. यंदा मुंबईच्या एका नव्या प्रकाशकानं ती पुन्हा पहिल्या अंकापासून काढली, आणि सुगतची गत धड हसता येईना, धड रडता येईना अशी झाली. चित्रं म्हणाल तर नाव ठेवायला जागा नाही. पाऊस असा काढलाय की बोट लावून बघावं. खलनायिका तर झकासच. पण कातळवीराचं काय करून ठेवलं हो! पूर्वी तो खाणीत दगड फोडणारा मजूर होता. आता म्हणे परदेशात शिकून आलेला कारखानदार. आणि बोलतो किती! पूर्वीचा एका वाक्यात काम उरकायचा, हा मारामारी सोडून बापाची आठवण काढत बसतो. अंक आला की सुगत शिव्या घालायचा आणि पुढच्याची वाट बघायचा.

"आवडत न्हाय तर घेता कशाला?" बायको सौम्या विचारायची.

तो अंक पिशवीत सारायचा. कारण खरं उत्तर निपाणीत होतं, त्याच्या आक्काजवळ.

आक्का म्हणजे पारमिता, त्याची थोरली बहीण, निपाणीच्या मराठी शाळेत मास्तरीण. लग्न केलं नाही, ह्याला शिकवलं, आणि घर सोडून कुठं गेली नाही. तिच्या काळजाची झडप खराब झालेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, ऑपरेशन करून झडप बदला, नाहीतर फार दिवस निघायचे नाहीत. आणि आक्का म्हणत होती, न्हाय म्हंजे न्हाय.

तिच्या न्हाय म्हणण्याला कारण होतं. त्यांची आई, सुलाबाई, अशीच ऑपरेशनला म्हणून आपल्या पायांनी आत चालत गेली. गुंगीचं औषध दिलं आणि ती उठलीच नाही. बाहेर आक्का आईच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

"मरायचं तर डोळं उघडं ठेवून मरीन," आक्का म्हणायची. "त्या टेबलावर मी झोपणार न्हाय."

सुगतनं समजावलं, रागावला, पाया पडला. डॉक्टरांचे व्हिडिओ दाखवले. पालथ्या घड्यावर पाणी! दर शनिवारी तो निपाणीला जायचा आणि हात हलवत परत यायचा. ती चिडून तोंड फिरवायची, मग एक शब्द बोलायची नाही. बोलायची ती एकाच गोष्टीवर, कातळवीरावर. नवा अंक बघून "ह्याच्या अंगाला तेल लावलंय का रं?" म्हणून हसायची. तेवढ्यासाठी सुगत अंक घेत होता. हे बायकोला तरी कसं सांगायचं?

आणि मग प्रकाशकानं जाहीर केलं, पुढच्या अंकात जुनी गाजलेली गोष्ट, 'धरणाची भेग', जशीच्या तशी छापणार! सुगतनं खुर्चीतनं उडीच मारली. ती त्याची सगळ्यांत लाडकी गोष्ट. धरणाला भेग पडते, कातळवीर कातळ होऊन भेगेत उभा राहतो, गाव वाचतं, पण हा काही परत माणूस होईना. सगळे रडायला लागतात. तेवढ्यात एक म्हातारी पुढं येते, कनवटीची तंबाखूची पूड काढते आणि त्याच्या नाकात फुंकते. कातळवीराला अशी शिंक येते की सगळा कातळ फुटतो आणि आतनं जिवंत माणूस उभा राहतो! हेच पान आक्कापुढं धरायचं त्यानं ठरवलं. बघ, उठला का न्हाय? डॉक्टरांचं ऐकत नाही ती, पण ह्याचं ऐकेल. हसू नका. बुडत्याला काडीचा आधार.

अंक आला. त्यानं दुकानातच शेवटचं पान उघडलं. कातळवीर दगडच राहिला होता. गावानं गळ्यात हार घातला होता आणि खाली लिहिलं होतं, समाप्त.

सुगतच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं तिथंच उभ्या उभ्या ग्रुपात लिहिलं, "शेवट बदलला! चोर आहेत चोर! शिंक कुठं गेली?" आणि शिंकेची सगळी हकिकत लिहून टाकली. ग्रुपात हसण्याचा पूर आला. कोल्हापूरच्या आदर्शनं आपल्याकडच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या अंकाचा फोटो टाकला. तोच दगड, तोच हार. "दादा, शेवट पहिल्यापासून हाच हाय. तंबाखू कुठनं आणलासा?"

सुगत दुकानाच्या पायरीवर बसला. तंबाखू कुठनं आणली? निपाणीतनं, आणखी कुठनं! निपाणीच्या स्टँडजवळ महादेवचं दुकान होतं, तिथनं आक्का भाड्यानं कॉमिक आणायची. अंकाच्या शेवटच्या पानामागं कातळवीराचं मोठं रंगीत चित्र असायचं. महादेव ते पान कापून, भिंतीवर लावायला म्हणून न्हाव्यांना आणि पोरांना विकायचा. त्यामुळं त्याच्याकडच्या एकाही अंकाला शेवट नसायचा. "मी मैत्रिणीच्या अंकात वाचलंय," असं म्हणून आक्का शेवट सांगायची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याच्या वासानं दोघं भावंडं शिंकायची. कॉमिकच्या चित्रकाराला ते कसं सुचणार? इतकी वर्षं आपल्याला कळलं कसं नाही? सगळे शेवट आक्काचेच होते. खऱ्या शेवटात कोणी उठलं नव्हतं.

शनिवारी तो गेला. अंक पिशवीच्या तळाशी घातला होता. आक्का खिडकीशी उशांना टेकून बसली होती, ओठ निळसर पडलेले. शेजारच्या मालुबाई पेज देऊन नुकत्याच बाहेर पडत होत्या.

"आला का रं अंक?"

"न्हाय आला अजून."

"मास्तरणीला फसवतोस व्हय? आण हिकडं."

तिनं पिशवी ओढली, बोट जिभेला लावलं आणि थेट शेवटचं पान उघडलं. ते पान तिनंही कधी पाहिलं नव्हतं. दगडाच्या गळ्यातल्या हारावरनं तिनं बोट फिरवलं.

"म्हंजे न्हायच उठला," ती म्हणाली. "मला वाटलंच हुतं." आणि अंक मिटून बाजूला ठेवला.

आपण काय घेऊन आलो हे!

"तू सांगितलं हुतंस उठला म्हणून!"

"तवा तू तापानं फणफणला हुतास. पेज तोंडात घेईनास. म्हणायचास, कातळवीर मेला तर मी बी मरणार. मग काय सांगणार हुते? घरात तंबाखू हुती, ती घातली." ती हसायला गेली आणि धाप लागून थांबली.

सुगतनं अंक उचलला आणि शेवटचं पान टरकन फाडलं.

"अरं अरं! नवा अंक रं!"

"महादेवच्या दुकानातनं आणलाय समज. आता सांग, फुडं काय झालं?"

"माझ्यात दम न्हाय. तू सांग."

"उठला."

"कसा?"

"उठला म्हंजे उठला!"

"असं कसं? तिसरीतलं पोरगं बी कारण विचारील."

सुगतनं तोंड उघडलं. वर्षभर दुसऱ्याच्या गोष्टीला नावं ठेवणारा हा शहाणा, ह्याला एक ओळ सुचेना. म्हातारी आली म्हणावं, तर ती आक्काचीच. पाऊस आला म्हणावं, तर त्यानं काय होतंय? तो बघत राहिला तिच्या निळ्या ओठांकडं, आणि भर दुपारी, दार सताड उघडं असताना, हमसून हमसून रडायला लागला.

"मला न्हाय येत, आक्का. मला निस्त्या चुका काढाय येतात. गोष्टींचे सगळे शेवट तूच रचलेस. तू न्हाय उठलीस तर कातळवीर उठला म्हणून मला कोण सांगणार गं?"

बाहेर मालुबाई अजून दाराशी घुटमळत होत्या, त्या पदर तोंडाला लावून निघून गेल्या. आक्कानं खाली पडलेलं पान उचललं, त्याची घडी केली आणि उशीखाली सारली.

"डॉक्टरला फोन लाव," ती म्हणाली. "सोमवारी येते म्हणावं."

सुगतनं डोळे पुसले आणि फोन काढला.

"आन् हे बघ, आईच्या चपला मी धरल्या हुत्या, माझ्या तू धर. मी न्हायच उठले तर गोष्टीचा शेवट तुला रचायचाय. शाळेतली पोरं इचारतील, त्यास्नी सांगाय लागंल. तंबाखू घाल न्हायतर काय बी घाल, पर गोष्टीत मला उठव. आन् कारण नीट दे रं, मेल्या."

"व्हय," म्हणत त्यानं खाटेखालच्या तिच्या चपला ओढून मांडीवर घेतल्या आणि फोन लावला.