जांभळ्या लुगड्याचा थर

सविताचा उजवा अंगठा दुखायला लागला आणि ओझरच्या अर्ध्या गल्लीचे ब्लाउज अडकून पडले. तीस वर्षं ती घरी शिवणकाम करत होती. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला आणि सरळ सांगितलं, "हुक, काजं, फॉल, सगळं बंद. बारीक सुईला हात लावायचा नाही." घरी येऊन तिने मशीनवर चादर टाकली आणि दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून बसली.

तिसऱ्या दिवशी धनराज, तिचा नवरा, भाजी घेऊन आला तर ही बाई जमिनीवर पुठ्ठा पसरून त्यावर चिंध्या मांडत होती.

"हे काय चाललंय?"

"कोंबडी."

धनराजने मान वाकडी करून पाहिलं. "मला तर विमान वाटलं."

"चौतीस वर्षं विमानाच्या कारखान्यात काढली तुम्ही. तुम्हाला भाकरीतही विमानच दिसायचं."

पण कोंबडी झाली. लाल खणाचा तुरा, जुन्या परकराची पिसं, आणि डोळ्याच्या जागी पितळी बटण. ते बटण सविताच्या वडिलांच्या डब्यातलं. पुंजाबा मूळचे शेतकरीच, पण जमीन एवढीशी, म्हणून तरुणपणीच त्यांनी देवळाली कॅम्पात शिलाईचं मशीन टाकलं होतं. जवानांच्या वर्द्या लांब-आखूड करायच्या, तुटली बटणं लावायची, हेच काम. ते गेले तेव्हा भावांनी मशीन घेतलं आणि सविताने बटणांचा डबा मागून घेतला.

त्या कोंबडीनंतर तिला नादच लागला. अंगठा फक्त सुईला रुसला होता, कात्रीला आणि गोंदाला नाही. जुन्या कपाटाच्या प्लायवर ती गोधड्यांचे फाटके चौकोन चिकटवायची आणि वर रस्त्यात सापडेल ते लावायची. फुटकी बांगडी, बिनकुलपाची किल्ली, बंद घड्याळाचे काटे, चपलेचं बक्कल. धनराज सकाळी फिरून आला की खिशातून काहीबाही काढून टेबलावर ठेवायचा आणि न बोलता अंघोळीला जायचा. मुलगी पूजा नाशिकला शाळेत शिकवायची. तिने दोन चित्रं शाळेच्या हॉलमध्ये लावली. तिथल्या बायका म्हणाल्या, आमच्याही घरी पडल्यात गोधड्या, देऊ का? त्यामुळे आता सविताच्या घरी गाठोडी यायला लागली.

त्यातच नामपूरहून निरोप आला. धनराजचे थोरले भाऊ यादव आणि त्यांची बायको विमलाबाई तिथे शेती सांभाळत. त्यांच्या मुलाचं, ललितचं, लग्न ठरलं होतं आणि घराला रंग द्यायचा होता. सविता मदतीला गेली. माळ्यावरचं सामान खाली आलं, त्यात एक गोधडी होती. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या सासूबाईंच्या, चिमणाबाईंच्या हातची. जड, एका बाजूने उंदरांनी खाल्लेली, कडा सुटलेल्या. बाहेर टाकायच्या ढिगावर ती पडली होती.

"ताई, ही मी नेऊ?" सविताने विचारलं.

"हाई फाटेल गोधडी लई जाईसन काय करशी व?" विमलाबाई हसल्या. त्यांचं बोलणं मन मोकळं असलं किंवा राग आला की अहिराणीवर जायचं. "ने, ने. पोतेऱ्याला होईल."

सविताने गोधडी झटकून घडी घातली. तिच्या मनात वेगळंच होतं. ललितच्या लग्नात आहेर म्हणून नामपूरच्या घराचंच चित्र द्यायचं, आजीच्या गोधडीतून. सगळ्यांना एकदम दाखवायचं.

ओझरला आल्यावर तिने अंगणात चटई टाकली आणि गोधडी उसवायला घेतली. टाके इतके जवळजवळ की वाटावं, बाई शिवत नव्हती, मोजत होती. वरचे चौकोन सविता ओळखत गेली. यादवभाऊंच्या शर्टाची निळी चौकडी. विमलाबाईंची नारंगी साडी, ललितच्या बारशाला नेसलेली. धनराजच्या पायजम्याच्या उभ्या रेघा. ते सुटे करून तिने बाजूला रचले. खाली एक धोतर निघालं, पार जाळी झालेलं. त्याच्याखाली, गोधडीच्या अगदी पोटात, एक जांभळा थर होता.

जांभळं सुती लुगडं. चार पदरी घडी करून आत अंथरलेलं. रंग ठिकठिकाणी उडून वांग्याच्या सालीसारखा झालेला. सविताने त्याचं टोक ओढून बाहेर काढलं, दुमडलेली शिवण बघितली आणि हातातली कात्री खाली ठेवली.

शिवण खाकी दोऱ्याची होती.

हे लुगडं तिच्या लग्नातलं. मानाचं. विहीणबाईला द्यायचं म्हणून पुंजाबांनी नाशिकच्या पेठेतून आणलं होतं, फार भारी नाही, त्यांना परवडेल असं. दोन्ही टोकांना शिवण घालायची राहिली म्हणून आदल्या दिवशी दुकानातच घातली, आणि दुकानात दोरा कुठला, तर खाकी. मांडवात लुगडं उलगडलं तेव्हा नामपूरच्या एका बाईने ते टोक धरून सगळ्यांना दाखवलं. "बघा गं, मिलिटरीचं लुगडं!" बायका हसल्या. पुंजाबाही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. चिमणाबाईंनी मात्र काही न बोलता घडी घातली आणि ट्रंकेत टाकलं.

महिन्याभरात धनराज आणि सविता ओझरला राहायला आले. सणावाराला नामपूरला जाणं व्हायचं, पण ते जांभळं लुगडं सविताला पुन्हा कधी दिसलं नाही. गड्याच्या बायकोला देऊन टाकलं असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. सासूबाई वाईट नव्हत्या. कडक होत्या, कमी बोलायच्या, पूजा झाली तेव्हा बाळंतपणात त्यांनी सवा महिना ओझरला राहून सगळं केलं होतं. तरी तो एक काटा सविताने कधी काढला नाही. दर दिवाळीला पुंजाबा विचारायचे, "विहीणबाई नेसतात का गं ते लुगडं?" आणि ती सांगायची, "रोज नेसतात, नाना. म्हणतात, फार मऊ आहे." वडिलांशी ती आयुष्यात एवढं एकच खोटं बोलली होती, आणि तेही दरवर्षी.

आता ते लुगडं तिच्या मांडीवर होतं. मध्यावर विरलेलं, गुडघ्याच्या जागी ठिगळ, पदराला कसलासा न निघालेला डाग. ट्रंकेत पडून लुगडं असं विरत नाही. ते नेसूनच विरतं.

ती तशीच बसलेली असताना फोन वाजला.

झालं होतं असं, की सकाळी पूजा येऊन गेली होती. आई अंगणात गोधडी उसवतेय, बाजूला चौकोनांची चळत, हातात कात्री, हा फोटो तिला आवडला आणि तिने स्टेटसला ठेवला. तो नामपूरला पोचला.

"सविता! तू आत्याबाईनी गोधडी कापी टाकी? सासूच्या हातची?"

"ताई, ऐका तर..."

"मी पोतेऱ्याला म्हटलं ते आपलं बोलायला म्हटलं! मला काय ठावं तू खरंच कात्री चालवशील? चाळीस वर्षं मी त्या बाईच्या हाताखाली काढली. तुम्ही ओझरला होते. माझ्या नारंगी साडीचा तुकडा होता तिच्यात. त्याचं तू काय, फोटो काढून लोकांना दाखवती?"

सविताला खूप काही सांगता आलं असतं. ढिगावर कोणी टाकली होती, हे तरी विचारता आलं असतं. पण मांडीवरच्या लुगड्याकडे बघून ती एवढंच म्हणाली,

"ताई, मी उद्या येते."

"येऊ नको," असं म्हणून विमलाबाईंनी फोन ठेवला.

धनराज म्हणाला, "दोन दिवस जाऊ दे. वहिनी निवल्या की मीच बोलतो."

"नाही. माझी चूक आहे, विचारायला पाहिजे होतं. आणि मला त्यांना एक विचारायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती निघाली. एका पिशवीत चौकोन, एका पिशवीत लुगडं, आणि काखेत जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला प्लाय. कंडक्टर म्हणाला, "मावशी, दरवाजा घेऊन कुठं निघाल्या?" सटाण्याला गाडी बदलून नामपूरला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. बाजारात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिच्या कडेकडेने वाट काढत ती घरी गेली.

विमलाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि सुपाकडेच बघत राहिल्या.

"चुकले मी, ताई," सविता म्हणाली. "ललितला आहेर द्यायचा होता, म्हणून लपवलं. विचारायला पाहिजे होतं."

सूप हलत राहिलं.

सविताने पिशवीतून चौकोन काढून ओट्यावर मांडले. नारंगी वर ठेवला. मग दुसऱ्या पिशवीतून लुगडं काढलं. "हे आत निघालं. हे काय आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

सूप थांबलं. विमलाबाईंनी हात पदराला पुसले, लुगड्याचं टोक उचलून डोळ्यांजवळ नेलं. खाकी दोऱ्यावरून त्यांचं बोट फिरलं.

"माय व माय! हाई तं तेच लुगडं शे."

"त्यांनी नेसलं होतं?"

"नेसलं होतं?" विमलाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, रोज तेच! गोठ्यात तेच, शेतात तेच. दुपारी धुवायचं, वाळायला टाकायचं, सकाळी परत तेच. म्हणायची, माझ्या कपाटात अशी मऊ एक चिंधी नाय. मी एकदा बोहारणीला द्यायला काढलं तर अशी अंगावर आली माझ्या, की ती बोहारीणच पळाली."

"मग मला कधी कसं दिसलं नाही?"

विमलाबाईंनी लुगड्याचं टोक ओट्यावर सारखं केलं. मग जरा हसल्यासारखं करून म्हणाल्या, "तू येणार म्हटलं की बदलायची. तुझी गाडी फाट्यावर आली की ही आत पळायची. म्हणायची, त्या पोरीनं बघितलं तर काय वाटंल? म्हणंल, माझ्या बापानं मानानं दिलेलं लुगडं म्हातारीनं शेणापाण्याला लावलं. मांडवात एकदा हसू झालं त्या माणसाचं, परत नको. पार फाटलं तेव्हा गोधडीत घातलं. मी म्हटलं, वर लावा, रंग छान शे. तर म्हणे, वर नको, सविताच्या नजरेस पडंल."

सविताने तोंडाला पदर लावला. आधी विमलाबाईंना वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. मग खरंच रडायला लागली. "नानांना मी दरवर्षी सांगायचे, ताई, की त्या रोज नेसतात. खोटं म्हणून सांगायचे. ते शेवटच्या दिवाळीलाही विचारून गेले."

"मग खोटं कुठं सांगितलं?" विमलाबाई तिच्याजवळ सरकल्या. तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या, आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "मीच टाकली होती ती ढिगावर. रंगाच्या गडबडीत उघडून पण नाय बघितली. काल फोटो बघून माझाच मला राग आला, तो तुझ्यावर निघाला."

"त्यात काय, ताई."

"बठ. च्या टाकते."

चहा झाल्यावर सविताने प्लाय भिंतीला टेकवला. त्यावर खडूने तिने घर काढून ठेवलं होतं. ओटा, कांद्याची चाळ, लिंबाचं झाड. जांभळ्या लुगड्याचं आभाळ करावं, असं तिला रात्रभर वाटत होतं, पण कापायचा हक्क आपला एकटीचा नाही, म्हणून तिने घडीसुद्धा मोडली नव्हती. विमलाबाईंनी ते ऐकून घेतलं, आत गेल्या आणि स्वतःची कात्री घेऊन आल्या. एक हातभर तुकडा कापून त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचला. "एवढं माझं. बाकी तुझं आभाळ कर."

मग त्या चित्रासमोर बसल्या आणि चुका काढायला लागल्या. लिंब एवढा जवळ नव्हता. ओट्याला पायऱ्या तीन, दोन नाहीत. आणि गाय कुठे आहे?

"गाय मला काढता येत नाही, ताई. माझ्या कोंबडीचंच विमान झालं होतं."

"मला येते," विमलाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्या गाय बघत होत्या, त्यांना कागद-पेन्सिल लागली नाही. नारंगी साडीच्या चौकोनातून त्यांनी सरळ कात्रीने गाय कापली, शिंगांसकट. स्वयंपाकघरातून चिमणाबाईंच्या मिसरीच्या डबीचं झाकण आणलं आणि ते तिच्या गळ्यात घुंगरू म्हणून लावायला सांगितलं.

"घुंगरू केवढं हे! गाईच्या डोक्यापेक्षा मोठं."

"असू दे. लांबून ऐकू यायला पाहिजे."

"ताई, चित्रातलं घुंगरू कसं ऐकू येईल?"

"तू लाव गं."

तिने लावलं. संध्याकाळी यादवभाऊ मार्केटमधून आले तेव्हा दोघी जणी शेपटीवरून भांडत होत्या. शेपटी सुतळीची करायची की काळ्या गोंड्याची, यावर एकमत होईना. त्यांना चहा मिळाला नाही. त्यांनी स्वतःच टाकला आणि तिघांना पुरेल एवढा टाकला.

सविता चार दिवस राहिली. आहेर म्हणून ते चित्र देण्याचं राहूनच गेलं, कारण ते नामपूरहून हललंच नाही. पुढच्या खोलीत, नव्या रंगाच्या भिंतीवर, यादवभाऊंनी खिळे ठोकून ते टांगलं. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना विमलाबाई हाताला धरून तिथे नेत होत्या. "हे माझ्या जावेनं केलं. अंगठा दुखतो तिचा, तरी केलं." आणि पाहुणा निघायला लागला की त्याला परत वळवून म्हणायच्या, "गाय मात्र माझी शे."