बाटलीचं पाणी

सकाळी साडेसहानंतर कुशनं शू केली नव्हती. आता दुपारचा पाऊण वाजला होता. मधल्या वेळात शीचे पाच डायपर झाले. शेवटच्यात तर नुसतं पाणीच होतं, पण पुढचा भाग कोरडा. मी बोट लावून पाहिलं होतं.

व्हिएन्नातला आमचा हा तिसरा दिवस. अमेरिकेतल्या बॉथेलहून नागपूरला जाताना वाटेत युरोप बघून घेऊ, ही कल्पना शंतनूची. सात महिन्यांचं मूल घेऊन फिरायला काय लागतं याची यादी मात्र माझी. राजवाड्याच्या बागेत एका झाडाखाली आम्ही स्ट्रोलर लावला होता.

"अगं, झोपलाय तो. झोपू दे ना," शंतनू म्हणाला. "आपली एकची टूर आहे."

"झोपलेला नाहीये. हाक मारली की डोळे उघडतो आणि परत मिटतो."

"जेट लॅग आहे यार."

"जेट लॅगनं जीभ कोरडी पडत नाही, शंतनू. हात लावून बघ."

त्यानं करंगळी कुशच्या तोंडात घातली. कुशनं ती चोखली नाही. शंतनूनं तिकिटं खिशात टाकली आणि पुन्हा टूरचं नाव काढलं नाही.

फाटकाजवळच्या फोनवरून मी नागपूरला सासूबाईंना फोन लावला.

"पाणी उकळतेस ना गं? नळाचं तर नाही देत?"

"नाही आई, बाटलीचंच देते. तेही वीस मिनिटं उकळून."

"मग दात येऊन राहिले असतील. काळजी नको करू. दूध जरा पातळ करून दे, पोटात पाणी गेलं पाहिजे."

पोटात पाणी गेलं पाहिजे, हे मलाही पटत होतं. पाण्याची काळजी तर मी पहिल्या दिवसापासून घेत होते. हॉटेलातल्या नळाला मी हातसुद्धा लावला नव्हता. लग्नात मिळालेली पाणी तापवायची कॉइल अमेरिकेच्या एकशे दहा व्होल्टवर दोन वर्षं नुसती कोमट पडून होती. इथे ती पहिल्याच मिनिटाला खदखदायला लागली, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. स्टीलच्या ग्लासाला आतून पांढरी पुटं चढत होती. ती मी रोज खरवडून टाकत होते आणि ग्लासालाच दोष देत होते.

बाकावर बसून मी थर्मासमधलं पाणी दुधाच्या बाटलीत ओतलं. ते कमी पडलं. पाण्याची नवी बाटली उघडायला घेतली आणि झाकण फिरवता फिरवता मागच्या लेबलवर नजर गेली. दुधाच्या पावडरीच्या डब्यावरचं अक्षर न् अक्षर मी वाचलं होतं. पाण्याच्या बाटलीवर काय वाचायचं? पाणी ते पाणी. मला जर्मन येत नाही, पण हा तक्ता जर्मन नव्हता. तो केमिस्ट्रीचा होता. कॅल्शियम. मॅग्नेशियम. आणि त्याखाली, सुल्फाट: चौदाशे साठ. लिटरला मिलिग्रॅम.

मी आकडा दोनदा वाचला. मॅग्नेशियम सल्फेट हे जुलाबाचं औषध आहे, हे केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. वीस मिनिटं उकळून मी त्यातलं पाणी उडवत होते आणि क्षार मागे ठेवत होते. ग्लासातली पातळी कुठे यायची ते मला आठवत होतं: तीनातला एक भाग कमी. म्हणजे लिटरला दोन हजारांच्या वर. दिवसाला दुधाच्या पाच बाटल्या, तीन दिवस.

"शंतनू, मीच दिलंय त्याला हे."

"काय दिलंस?"

मी बाटली त्याच्यापुढे धरली आणि सांगितलं. त्यानं बाटली फिरवून पुढची बाजू पाहिली.

"डोंगराचं चित्र होतं," तो म्हणाला. "म्हणून मी हीच उचलली. सहाच्या सहा." मग एकदम ओरडला, "ऊठ ना! टॅक्सी!"

टॅक्सीत मी कुशला नावानं हाका मारत होते. चौथ्या हाकेला त्यानं डोळे उघडले नाहीत. सातव्या हाकेला उघडले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई साठीच्या होत्या. त्यांनी कुशच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. तो रडला, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, दूध कसल्या पाण्यात? मी पर्समधून बाटली काढली.

"हे तर आम्ही आजोबांना देतो," त्या म्हणाल्या. "पोट साफ होत नसेल तर."

त्यांनी मीठ-साखरेची एक पुडी फोडली, भिंतीवरच्या नळाखाली भांडं धरलं आणि चमच्यानं ढवळलं.

"उकळायचं नाही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आमच्या नळाला डोंगरातलं पाणी येतं. दर पाच मिनिटांनी दोन चमचे. चारपर्यंत शू झाली नाही तर सलाइनची सुई लावू."

भांडं माझ्या हातात आलं. जन्मात ज्या पाण्यानं मी चूळसुद्धा भरली नसती, ते मी चमच्यात घेतलं. पहिला चमचा कुशच्या गळ्यावर सांडला.

"दे इकडे," शंतनू म्हणाला.

"नको. मीच देते."

दुसरा कुशनं थुंकून टाकला. तिसरा गिळला. शंतनू घड्याळ बघत होता आणि पुटपुटत होता, "पी रे राजा, पी रे सोन्या." पावणेतीनला कुशनं सगळं ओकून टाकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साडेतीनला नर्सनं ट्रे आणून ठेवला, त्यात सगळ्यात बारीक सुई होती. कुशच्या हाताएवढी एक लाकडी पट्टीही होती, त्यावर त्याचा हात बांधणार होते. मी ट्रेकडे पाठ केली.

चारला पाच कमी असताना नर्सनं डायपर उघडला. शी नव्हती. पुढच्या बाजूला गडद पिवळा, लिंबाएवढा डाग होता. तिनं डायपर वजनकाट्यावर ठेवला आणि आकडा लिहायला पेन उचललं.

"कोऱ्याचं वजन वजा केलं का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कपाटातून कोरा डायपर काढला, काट्यावर ठेवला आणि वजाबाकी केली.

"अकरा ग्रॅम," ती म्हणाली. "पुरेसं नाही."

तिनं ट्रे उचलला, पण बाहेर नेला नाही. खिडकीपाशी सरकवून ठेवला आणि सांगितलं, "अजून एक तास."

मी चमचा भरला.