भरीव वाढ अपेक्षित

“सर, इथे ‘माफक’ लिहू की ‘मर्यादित’?” नव्याने लागलेल्या विश्लेषक मुलीने विचारले.

“हवं ते लिही. वाचणार कोण आहे?”

ती हसली. त्याला तिच्या हसण्याचीही कीव आली. महानगर प्रदेशाच्या अर्थस्थितीचा तिमाही अंदाज लिहिण्यात त्याची उमेदीची वर्षे सरली होती, आणि ज्यांच्यासाठी तो लिहायचा त्या सगळ्यांना तो मनातून तुच्छ लेखत आला होता. नेत्यांना भाषणापुरते एक वाक्य हवे असते, वर्तमानपत्रांना मथळ्यापुरता एक आकडा. बँकवाल्यांना एवढेच हवे, की आपला अंदाज दुसऱ्यांपेक्षा वेगळा नसावा. बुडायचेच तर सगळ्यांनी मिळून. अंदाज चुकला की पुढच्या अंकात ‘सुधारित अंदाज’ छापायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, फक्त आलेखांसकट.

त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढले आणि समोर न बसता म्हणाली, “दादाने शेड बंद केली.”

“कुठली शेड?”

“पूर्वेकडची. नव्या खुर्च्या बनवायला घेतली होती ती. उद्घाटनाला तुम्हाला मीटिंग होती.”

मेव्हणा ऑफिसांच्या खुर्च्या दुरुस्त करायचा. तुटलेली चाके, खाली बसलेले दांडे, फाटलेल्या गाद्या. बहिणीवर त्याचा जीव होता आणि भावोजींबद्दल आदर. भावोजींच्या मते मात्र तो डोक्याने यथातथाच होता.

“दुरुस्तीवर बरं चाललं होतं की,” तो घास घेत म्हणाला. “अंथरूण पाहून पाय पसरावेत. कुणाच्या नादाला लागला होता?”

“त्यालाच जाऊन विचारा.”

रविवारी तो गेला तो खरे तर चार शब्द सुनावायलाच. शेडच्या समोर काचेच्या तीन उंच इमारती उभ्या होत्या, आणि तिन्हींच्या दारांवर ‘भाड्याने देणे आहे’ असे फलक होते. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. मेव्हण्याने एक स्टूल पुसून पुढे केले. स्वतः उभाच राहिला.

“एवढा माल काढायच्या आधी जरा चौकशी करायचीस,” तो म्हणाला.

“केली होती, भावोजी.” मेव्हण्याने घसा साफ केला आणि शाळेत धडा म्हणावा तसे म्हटले, “‘पूर्व भागात कार्यालयीन जागांच्या मागणीत भरीव वाढ अपेक्षित आहे.’ पाठच झालंय.”

वाक्य त्याचेच होते. त्याला ते आठवलेही. आधी तिथे ‘माफक’ होते. पण वरच्या परिच्छेदात ‘माफक’ दोनदा येऊन गेले होते आणि कानाला बरे वाटत नव्हते, म्हणून त्याने ‘भरीव’ केले होते.

“अरे, ते असं शब्दशः घ्यायचं नसतं,” तो म्हणाला. “त्यात जर-तर असतं. खाली बारीक अक्षरात दिलेलं असतं सगळं.”

“मग वर मोठ्या अक्षरात कशाला देता?”

मेव्हण्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच कळून घ्यायचे होते, आणि तेच सहन होईना.

“निदान मला तरी विचारायचंस.”

“विचारलं होतं की. तुमच्याकडे जेवताना. तुम्ही म्हणालात, लिहिलंय ना सगळं, वाच.”

इतक्या वर्षांत त्याचा अहवाल कुणी खरा मानला होता का, असे त्याला विचारले असते तर तो हसला असता. एकाने मानला होता. तो एक माणूस समोर उभा होता, आणि त्याला मूर्ख म्हणायला आता जीभ रेटत नव्हती.

पुढच्या अहवालात त्याने लिहिले, ‘पूर्व भागाविषयीचा आमचा अंदाज चुकला.’ संचालकांनी ते वाक्य खोडले.

“‘चुकला’ कसं लिहिता? ‘सुधारित’ म्हणा.”

“चुकलाच आहे, सर.”

“अहो, वाचतं कोण एवढं?” संचालक हसून म्हणाले, आणि अहवाल ‘सुधारित’ होऊन छापून आला.

शेडमधल्या खुर्च्या भंगाराच्या भावाने गेल्या. बायको त्याला वाढायची, कामापुरते बोलायची. दादाचा विषय मात्र त्याच्यासमोर पुन्हा काढला नाही.

मग एका सकाळी ऑफिसच्या देखभालवाल्याने कुणा कारागिराला बोलावले. तो मधल्या वाटेवर गुडघे टेकून एकेक खुर्ची उलटी करत पुढे सरकत होता. डोक्यावरचे केस पाहूनच त्याने मेव्हण्याला ओळखले. उठून हाक मारावी, की कॉम्प्युटरच्या पडद्यात बघत राहावे, हे ठरेपर्यंत मेव्हणा त्याच्या टेबलापाशी येऊन पोचला.

“साहेब, जरा उठता?”

तो उठला. भावोजी म्हणायची सवय अशी एका क्षणात मोडत नाही. मेव्हण्याने ती घरून निघतानाच मोडून आणली असावी. खुर्ची उलटी झाली. शेजारची विश्लेषक मुलगी बघत होती.

“हा माझा मेव्हणा,” तो तिला म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला.

मुलगी कौतुकाने हसली. मेव्हण्याने मान वर केली नाही. चाकात गुंतलेले लांब केस त्याने चिमट्याने उपसून काढले, तेलाचे दोन थेंब सोडले, खुर्ची सरळ केली आणि हाताने एकदा गरकन फिरवून पाहिली.

“बसून बघा, साहेब.”

तो बसला नाही. मेव्हणा पुढच्या टेबलाकडे सरकला; तो मात्र हात लोंबकळत सोडून, सगळ्या खोलीत एकटाच उभा राहिला.