चार पिनांखालची शिष्यवृत्ती

“बाई, पहिलं आल्यावर नक्की मिळतं काय?”

हा प्रश्न मुख्याध्यापिकांना तोंडावर विचारायचा, अशी पैज दोन मैत्रिणींनी तिसरीला लावली होती. तिसरीने तो विचारला. आणि मित्रांनो, त्याचं उत्तर त्या क्षणी तिच्यापासून दोन हातांवर होतं. माझ्या छातीवर. पण मला तोंड नाही. नुसती छाती आहे, आणि तीही भोकं पडून पडून चाळण झालेली.

मी एक जुना सूचनाफलक आहे. शाळेच्या लांब व्हरांड्यात, ऑफिसचं दार आणि पिण्याच्या पाण्याची टाकी यांच्या मधोमध टांगलेला. माझ्याखाली एक लाकडी बाक आहे. त्यावर बसणारा प्रत्येक जण माझ्याकडे पाठ करून बसतो. सूचनाफलकाची याहून मोठी थट्टा काय करायची?

माझा जन्म मात्र थाटात झाला. ज्या सुताराने मला बनवलं, त्याने भिंतीचं माप दोनदा घेतलं आणि तरीही मी चार बोटं लांबच झालो. म्हणून माझी उजवी कड आजही खिडकीच्या चौकटीवर चढलेली आहे. आत मऊ पुठ्ठा, वर हिरवं कापड, पुढे काचेची दोन दारं आणि त्यांना इवलंसं पितळी कुलूप. चित्रकलेच्या बाई दर सोमवारी ते उघडायच्या, जुने कागद काढायच्या, कापडावरून ब्रश फिरवायच्या आणि नवे कागद पट्टी धरून सरळ लावायच्या. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मुलं एकमेकांच्या खांद्यांवर चढून वाचायची. एकदा तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, “फलक बघितला की शाळा कळते.” त्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली.

मग एका चेंडूने काच फोडली. बाई निवृत्त झाल्या. आणि माझा ताबा शिपाईमामांकडे आला.

शिपाईमामा वाईट नाहीत हो. पण त्यांच्या बाबतीत एकदा असं झालं की, परीक्षा संपली असं समजून त्यांनी वेळापत्रक काढून टाकलं, आणि भूमितीचा पेपर व्हायचा होता. अर्धा वर्ग घरी झोपून राहिला. मामांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी घडी करून पाकिटात ठेवली आहे, आणि त्या दिवसापासून त्यांचं एकच म्हणणं आहे, “लावायचा हुकूम असतो. काढायचा नसतो.”

झालं. तेव्हापासून माझ्या अंगावरून एकही कागद उतरलेला नाही. नवा आला की जुन्यावर. त्यावर आणखी नवा. चार वर्षांपूर्वीच्या सहलीला जाताना सोबत काय आणावं, हे अजून माझ्या पोटात आहे. मी आता फलक कमी आणि गादी जास्त झालो आहे.

तर निकालाच्या आठवडाभर आधी एक लांबट पाकीट आलं. मुख्याध्यापिकांनी आतल्या कागदाच्या कोपऱ्यात ‘फलकावर लावावे’ असं लिहून सही केली आणि मामांनी तो कागद बरोबर माझ्या मधोमध लावला. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत पंच्याण्णव टक्क्यांच्या वर गुण असतील आणि विज्ञानातला कोणताही विषय शिकायचा असेल, तर कॉलेजची फी, वसतिगृह आणि पुस्तकं, सगळ्याची सोय. शिष्यवृत्ती. अर्जासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा. महिनाभराची मुदत. मी इतकी वर्षं इतके कागद सांभाळले, पण इतका वजनदार कागद पहिल्यांदाच आला होता. मी ताठ उभा राहिलो. दोन दिवसांत तो एकट्या पालीने वाचला.

तिसऱ्या दिवशी त्यावर एक चिठ्ठी आली. ‘हरवली आहे : निळी पाण्याची बाटली. झाकण नाही.’ झाकण नसलेल्या बाटलीसाठी माझी शिष्यवृत्ती अर्धी झाकली गेली. आणि निकाल लागल्यावर उरलेली अर्धी झाकायला आला अभिनंदनाचा कागद. मोठा, पिवळा, चारी कोपऱ्यांत चार पिना. आणि त्यावर पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो.

त्या मुलीला सगळे खडी म्हणतात. तिचं खरं नाव कागदावर आहे, पण इतक्या वर्षांत ते कोणी हाक मारताना मी ऐकलेलं नाही. तिच्या कंपासपेटीत कर्कटक कमी आणि दगड जास्त. माझ्या अंगावरची एक पिन तिने आठवीत असताना चोरली होती, दगडावर ओरखडा उठतो का ते बघायला. दुसऱ्या दिवशी परत आणून लावलीही होती, टोक बोथट झालेली. अशा मुलीवर कोण रागावणार?

खडीला साडेसत्त्याण्णव टक्के मिळाले. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. ते शिकवणारं कॉलेज दूर होतं आणि तिच्या घरापासून सगळ्याच अर्थांनी दूर होतं. वडील वजनकाटे दुरुस्त करतात, आई दवाखान्यात केसपेपर काढते. म्हणून ती पैज आणि म्हणून तो प्रश्न.

मुख्याध्यापिका घाईत होत्या. त्या म्हणाल्या, “मिळतं काय म्हणजे? फलक कशाला टांगलाय तिथे? वाचत जा जरा.” आणि ऑफिसात शिरल्या.

बघा, उत्तर मिळालं. अगदी नेमकं. तिघी वळल्या. मी श्वास रोखून धरला. आणि त्यांना काय दिसलं? खडीचा फोटो.

“म्हणजे फोटो मिळतो,” एक मैत्रीण म्हणाली. ही दिवसभर बोलते, म्हणून हिला रेडिओ म्हणतात.

“तोही एक डोळा मिटलेला,” दुसरी म्हणाली. ही हसताना चिमटे काढते, म्हणून चिमटी.

तिघी हसत हसत बाकावर बसल्या. माझ्याकडे पाठ करून. मी आतल्या आत असा तडतडलो की खालच्या कोपऱ्यातली एक पिन निसटून चिमटीच्या मांडीवर पडली. कागद थोडासा उचलला गेला. आता तरी. पण मामा आले, पिन उचलली आणि अंगठ्याने ती पुन्हा माझ्यात दाबून बसवली. शाबास मामा.

पुढचे दोन आठवडे मी जे ऐकलं, ते माझ्या शत्रूलाही ऐकायला लागू नये. ग्रंथालयातल्या ताई त्यांना रोज अर्धा तास कॉम्प्युटर द्यायच्या आणि मग तिघी बाकावर बसून वहीतली यादी वाचायच्या.

“ही बघ. जुळ्यांसाठी.”

“हिच्यासारखी आणखी एक? घरचे घर सोडून जातील.”

“ही पावणेसहा फुटांच्या वर उंची असणाऱ्यांसाठी.”

“खडी, लटकून बघ कुठेतरी.”

“ही दीपगृहावर काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी. तुझे बाबा एखादा दिवा लावतात का?”

“वजनकाट्यात बारका दिवा असतो गं.”

एका ठिकाणी सगळं जुळलं, तर अर्जाचं शेवटचं पान उघडेना. एका ठिकाणी तर ‘तुमची निवड झाली आहे, आधी पैसे भरा’ असं आलं. ग्रंथालयातल्या ताईंनी ते पाहून खुर्चीतून उठून कॉम्प्युटरच बंद केला. खडीच्या मोठ्या काकांनी निरोप धाडला की हल्ली सगळं मोबाईलवर असतं, जरा शोधा. शेजारच्या कोणी सांगितलं की इतके मार्क मिळवणाऱ्यांना लोक आपणहून शोधत येतात. मी वर टांगलेला. माझ्या पोटात ती शिष्यवृत्ती. आणि खाली रोज हे. सांगा, वैताग येणार नाही तर काय होईल?

सोमवारी खडीचे बाबा दाखल्याचा अर्ज द्यायला आले. बाकावर बाप-लेक बोलत बसली.

“काकांनी शब्द टाकलाय,” बाबा म्हणाले. “जवळच्या कॉलेजात हिशेबाच्या कोर्सची जागा ठेवलीये. फी अर्धी. बुधवारी दाखला जमा करायचा.”

“जमा केला की?”

“की वर्षभर तिथेच. परत मिळत नाही.”

“बाबा, मला हिशेब नको.”

“मला तरी कुठे तुला द्यायचाय?” बाबांनी हातावरचं ग्रीस रुमालाला पुसलं. “पण दगडांचं शिकवायला मी आणू कुठून? दगड शिकून करतात काय, तेही मला धड माहीत नाही.”

“विहीर कुठे खणायची, पूल कुठे बांधायचा, हे दगडांना विचारूनच ठरवतात.”

“बरं,” बाबा म्हणाले. ते ‘बरं’ होकाराचं नव्हतं. ते उठायचं ‘बरं’ होतं.

बुधवार उजाडला. आई-बाबा ऑफिसात दाखल्यासाठी बसले होते. बाहेर बाकावर खडी एक शेवटचा फॉर्म भरत होती. ग्रंथालयातल्या ताईंना कुठल्याशा मंडळाची योजना सापडली होती. संस्थापकांच्या आजोबांवर दोनशे शब्दांचा निबंध लिहायचा आणि मिळणार काय, तर पुस्तकांचा संच. तरी ती भरत होती. फॉर्मवर दोन फोटो हवे होते आणि तिच्याकडे एकच उरला होता.

“एक आहे की इथे,” चिमटी म्हणाली. “चार पिना लावून जपून ठेवलाय.”

खडीने हात उचलला, तोच मामा आले. “काढायचा हुकूम नाही.”

“मामा, फोटो माझा आहे.”

“फोटो तुझा. कागद ऑफिसचा.”

“मग हुकूम कोण देतं?”

“मोठे कारकून.”

मोठे कारकून म्हणाले, लेखी अर्ज कर. मित्रांनो, मी खोटं सांगत नाही. साडेसत्त्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलीने वहीचं पान फाडून अर्ज लिहिला : ‘माझाच फोटो मला परत मिळावा, ही नम्र विनंती.’ रेडिओने साक्षीदार म्हणून सही केली, कोणी मागितलेली नसताना. कारकुनांनी शिक्का मारला. मामांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून पाकिटात त्या जुन्या समजेशेजारी ठेवला आणि मग एक-एक पिन काढायला घेतली. दहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या अंगावरून काहीतरी उतरत होतं.

पिवळा कागद निघाला. बाटलीची चिठ्ठी एकाच पिनेवर होती, ती कलंडली. आणि खाली ती होती.

खडीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधेच टक्क्यांच्या आकड्यावर बोट ठेवून ती थांबली. उरलेलं चिमटीने वाचलं. रेडिओ बंद पडला होता. मुदत शुक्रवारपर्यंत होती.

“ही तर मीच लावली होती,” मामा हळूच म्हणाले.

“मग वर बाटली कोणी लावली?”

“तीही मीच.”

“आणि माझा फोटो?”

मामांनी हातातल्या पिना खिशात टाकल्या. “हुकूम होता.”

आवाज ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. त्यांनी कागद पाहिला, तारीख पाहिली, आणि म्हणाल्या, “मी त्याच दिवशी तुला सांगितलं होतं ना, फलक वाच म्हणून?” मग पिवळा कागद त्यांच्या नजरेला पडला. त्या शिफारसपत्र लिहायला लगेच आत गेल्या.

सगळे बरोबर होते, मित्रांनो. मुख्याध्यापिका बरोबर, मामा बरोबर, कारकून बरोबर. प्रत्येकाने आपलं काम केलं होतं. म्हणूनच मला इतका वैताग येतो. कोणाचं चुकलं असतं, तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

मला तुमच्याकडून नवं कापड नको, नव्या काचा नकोत. एवढंच करा. कागद लावण्याआधी त्याखाली काय आहे ते वाचा. ज्याची तारीख उलटली, तो काढून घ्या. आणि माझ्याखाली बसलात, तर निदान एकदा मान मागे वळवा. माझं पोट अजून भरलेलं आहे. कोणास ठाऊक, आत आणखी कोणाचं काय आहे.

मला अजून बरंच बोलायचं होतं. पण ऑफिसचं दार उघडलं आणि आई-बाबा बाहेर आले. बाबांच्या हातात ताजा दाखला होता, शाई वाळायची होती म्हणून त्यांनी तो दोन बोटांत धरला होता. खडी माझ्यासमोरून हलली नाही. तिने फक्त हाताने माझ्याकडे दाखवलं. दोघांनी वाचलं. आईने खालच्या बारीक अक्षरातलं सगळं वाचलं, कारण तिला सवय आहे.

“यात निवड होईलच असं नाही लिहिलेलं,” आई म्हणाली.

“नाही.”

“आणि दाखला इकडे दिला, तर तिकडची जागा जाणार,” बाबा म्हणाले. “काकांना आज उत्तर द्यायचंय.”

“हो,” खडी म्हणाली. तिने बाबांच्या बोटांतून दाखला अलगद घेतला आणि वाळावा म्हणून त्यावर फुंकर घातली.

“काकांना मी फोन करते, तुम्ही करू नका. जागा सोडली म्हणून सांगते. हा अर्ज द्यायला उद्या मी स्वतः जाणार. आई, तू सोबत ये, तुला फॉर्ममधल्या चुका लांबून दिसतात. निवड झाली, तर मी दगड शिकायला जाईन. नाही झाली, तर वर्षभर बाबांच्या दुकानात काटे दुरुस्त करीन आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरीन. पण हा दाखला त्या कोर्सला जाणार नाही. माझं ठरलंय.”