सगळ्यांना मनाई

मामा नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं तपासायचे. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला दारवान काही निवृत्त झाला नव्हता. मामी कपडे शिवते. त्या दिवशी तिला बाहीचा नमुना छापून हवा होता, गिऱ्हाईक येऊन बसलेलं, आणि प्रिंटर ढिम्म हलेना.

मी ऑफिसात कॉम्प्युटरच दुरुस्त करते, म्हणून मामांनी मला बोलावून घेतलं.

"छपाईची सर्व्हिस सुरू करायला गेलो, तर म्हणतो प्रवेश नाकारला! मला! माझ्याच घरात!"

छापायची पानं ज्या फोल्डरमध्ये थांबतात, त्याच्या परवानग्या मी उघडल्या. 'सगळे' या नावापुढे 'मनाई'ची ठसठशीत खूण होती.

"मामा, ही कोणी केली?"

"मीच. सगळ्यांना बंदी."

"सगळ्यांत तुम्हीही आलात."

"मी कसा येईन? मी तर दारावर!"

"आणि छपाई करणारा प्रोग्रॅम, ती सर्व्हिसही आली. तिलाच आत सोडलं नाहीत, तर छापणार कोण?"

मामांचा चेहरा पडला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खूण राहू दे गं. दुसरं काहीतरी कर ना."

"झालं का?" आतून मामीने हाक दिली.

मी खूण काढली, सर्व्हिस सुरू केली. प्रिंटर खाकरला आणि कागद बाहेर टाकू लागला. पण बाही कुठली निघायला! परवा कागद संपल्यामुळे मामांचं काहीतरी आत अडकून पडलं होतं, ते कोणाला दिसू नये म्हणूनच ती मनाई; तेच आधी सुटलं. मामा झेप घेईपर्यंत बाहेर आलेल्या मामीने पहिलं पान उचललं होतं.

"अहो, हे नाटक कुणाचं?"

"असंच... वेळ जात नाही म्हणून."

मामी वाचत राहिली. गिऱ्हाईकही मागोमाग येऊन तिच्या खांद्यावरून वाचू लागलं. मामा पडद्यात तोंड लपवून उभे.

"यातली शिंपीण फारच तोंडाळ आहे," मामी म्हणाली.

"कल्पना आहे ती!"

"आणि नवरा पानभर नुसता हं हं करतो. असं कुठे असतं का?"

"हं," मामा म्हणाले.

गिऱ्हाईकाला हसू आवरेना. एवढ्यात बाही छापून आली, पण तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मामीने चष्मा पुसला, मामांना शेजारी बसवलं आणि म्हणाली, "तुमचं वाक्य तुम्ही म्हणा. माझं मी म्हणते."

मी ऑफिसला उशिराच पोचले.