दुसऱ्या कप्प्यातली ओली पोती

काका नात्याने कुणाचेच काका नव्हते, कॉलेजच्या मेंढी-फार्मचे राखणदार होते, पण फार्मवरच्या सगळ्यांना रागवायचा हक्क त्यांनी आपणहून घेतला होता. कोकरांना मात्र ते कधी रागवले नाहीत, आणि तिथेच माझा घात झाला.

माझ्या पदवीचा जीव वीस कोकरांच्या वजनात अडकला होता. उन्हाळ्यात कोकरं धापा टाकतात, खाणं टाकतात, वजन अडतं. म्हणून पहिल्या कप्प्यातल्या दहा जणांच्या खाद्यात यीस्टची पावडर, दुसऱ्यातल्या दहांना तेच खाद्य, पण कोरं. फरक पडो न पडो, बाकी सगळं सारखं हवं. नाहीतर वर्ष वाया.

सात आठवडे मी सकाळी येऊन वजनं घेतली. दोन्ही कप्पे बरोबरीत! पावडर कुचकामी, असं मी लिहायलाही घेतलं.

मग एका दुपारी विसरलेली वही घ्यायला आले. दुसऱ्या कप्प्याच्या जाळीवर ओली पोती टांगलेली, काका बादलीने पाणी मारतायत आणि आत दहाही महाशय निवांत रवंथ करतायत. पहिल्या कप्प्याला पोतं नाही.

"काका, हे काय?"

"पोती."

"ते दिसतंय मला!"

"त्यांना पावडर देतेस. मग यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"कधीपासून चाललंय?"

"पहिल्या दिवसापासून. पंक्तिप्रपंच मला जमत नाही, पोरी."

मी बादली लाथाडली आणि तिथेच खाली बसून रडले. काका घाबरले. "मी कुणाला बोलणार नाही. तूही बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. बोलले नसते तर पदवी हातात होती. पण खोटा निष्कर्ष लिहायला हात धजेना. मी माझ्या गाईड मॅडमना सांगितलं. वर्ष गेलं. महिनाभर मी काकांशी बोलले नाही, आणि त्यांच्या हातचा चहा मात्र रोज प्यायले. इतक्या प्रेमाने चुकणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय?

पुढच्या उन्हाळ्यात मॅडमनी तीन कप्पे करायला लावले. एकाला पावडर, एकाला ओली पोती, एकाला काहीच नाही.

"तिसरा तूच बघ," काका म्हणाले. "माझा हात राहायचा नाही."

बघितला. प्यायला पाणी होतं, वर छप्पर होतं, तरी भर दुपारी सगळ्यात लहान कोकरू तोंड उघडं टाकून धापा टाकत माझ्याकडे बघत राहिलं. मी पेन्सिल खाली ठेवली. शेजारच्या कप्प्याची बादली भरलेलीच होती. एकच पोतं, अर्धा तास, कुणाला कळणार होतं?

बादलीच्या कडीवर माझ्या हाताआधी काकांचा हात पडला.

"नाही, पोरी," ते म्हणाले. "चल, बाहेर बसू. आपण दोघंही बघायचं नाही."