साबणाची चौथी पेटी

पहिल्या पेटीतला साबण फुटला तेव्हा मी कॉस्टिक सोडा विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या घातल्या. माझा स्वभावच तसा. काही बिघडलं की आधी दुसऱ्याचं नाव तोंडावर येतं.

शहाण्णव सालचा डिसेंबर होता. जळोचीत आमच्या घराच्या तिन्ही बाजूंनी नवी कॉलनी उठली होती, आणि त्या बंगलेवाल्यांच्या डोळ्यांत आमच्या दोन शेळ्या खुपत होत्या. एक ठिपक्याठिपक्यांची बांडी, एक काळी. सासऱ्यांच्या, म्हणजे गेणबा आबांच्या, दीडशे मेंढरांच्या वाड्याच्या जागी आता एवढंच होतं. मेंढरं गेल्यावर आबा महिनाभर बोलले नव्हते, असं माझा नवरा नागेश सांगायचा. मग शेळ्या घेतल्या तेव्हा कुठं त्यांना तोंड फुटलं.

नागेश एमआयडीसीत कामाला. रोज घरी आला की कुणाची तरी तक्रार दारात उभी. आज कुणाची जास्वंद खाल्ली, उद्या कुणाच्या पायरीवर लेंड्या. शेवटी तो म्हणाला, "लोकांची बोलणी खाऊन खाऊन माझं पोट भरलं. येत्या बाजारात दोन्ही इकतो."

मी आडवी आले. महिला मंडळात आठ दिवस साबण करायला शिकले होते. मंडळाच्या दुकानाला शेळीच्या दुधाचा साबण हवा होता. एक पेटी चांगली निघाली की दर महिन्याला घेऊ, असं कबूल केलं होतं. मी नागेशला म्हटलं, "शेळ्या घराला उपयोगी पडल्या तर ऱ्हाऊ द्याल का न्हाय?"

"साबण नीट निघाला तर ऱ्हातील," तो म्हणाला. "पण तीन डाव. जास्त न्हाय."

त्या संध्याकाळी मी शिकवणीच्या वहीतली कृती मोठ्यानं वाचली. आबा उंबऱ्यावर घोंगडी पांघरून बसले होते. 'मिश्रण पेटीत ओतल्यावर पहिला दिवस गारठा लागू देऊ नये,' हे वाक्य मी वाचलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पेंगतायत.

सकाळी साबण पेटीत ओतून मी खुरपायला गेले. संध्याकाळी येऊन बघते तर मधोमध फुगून लांबच्या लांब तडा गेलेला. रंग तपकिरी, वास करपलेल्या दुधाचा. लासुर्ण्याहून माहेरची काकवी आणली होती, फेस चांगला यावा म्हणून तीही चमचाभर घातली होती. तिला शिव्या घालायला जीव धजेना, म्हणून दुकानदाराला घातल्या.

दुसऱ्या वेळी काकवी वगळली, सोडा दुसऱ्या दुकानातून आणला. पेटी पुन्हा फुटली. मग फुटकी वडी कागदात गुंडाळून एसटीनं इंदापूरला गेले, शिकवणाऱ्या बाईंच्या घरी. त्यांनी वडी मोडून आत बघितलं.

"तापलाय हा," त्या म्हणाल्या. "सोडा घातला की साबण आपोआप गरम होतो. त्यात दूध असलं की आणखी तापतो. ऊब द्यायची ती पाण्याच्या साबणाला. दुधाची पेटी उघडी ठेवायची, गार जागी. दूधही बर्फासारखं करून घ्या."

मी घरी येऊन नागेशला सगळं सांगितलं. शेजारणीलाही सांगितलं. आबांना मात्र सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला साबणातलं काय सांगायचं, असा माझा शहाणपणा.

कोल्ड्रिंकच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये दूध ठेवलं. ते पार गोठल्यावर बुधवारी सकाळी तिसरी पेटी भरली. मोरीजवळच्या गार फरशीवर उघडीच ठेवली. आता फुटायला काही कारणच नव्हतं. संध्याकाळी आले तर पेटी उघडीच होती आणि साबण मधोमध फुटला होता. मी तिथंच बसले आणि रडले. मग उठून बाईंना, मंडळाला, थेट शेळ्यांना बोलले. "तुमचं दूधच अवलक्षणी," असं मी त्या मुक्या जिवांना म्हणाले. आबा दावणीपाशी उभे राहून ऐकत होते.

गुरुवारी नागेश शेळ्या घेऊन बाजारात गेला. बांडी वळून वळून बघत होती. आबा घरात तोंड फिरवून बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

फ्रिजमध्ये अजून तांब्याभर दूध होतं. टाकून द्यायला जीव होईना. सोमवारी त्याचीच चौथी पेटी भरली, कशासाठी ते माझं मलाच माहीत नव्हतं. कामावर गेले तर मालकानं खुरपणी बंद ठेवलेली. दुपारी बारालाच घरी परतले.

आबा मोरीजवळ उकिडवे बसले होते. पेटीवर त्यांची घोंगडी होती, दुहेरी घडी घालून चारी बाजूंनी खोचलेली. घोंगडीखाली हात घालून ते ऊब चाचपत होते.

"आबा, काय करताय?"

"गारठा लागंल की गं त्येला. तूच वाचलंवतंस न्हवं? तू फरशीवर उघडंच टाकून जातीस. इसरत असशील म्हनलं, कामाच्या गडबडीत." ते हसले. "कोकरू पडलं की पयल्या दिशी असंच झाकायचं. तिन्ही डावाला मीच झाकलं. चारला शेळ्या सोडायच्या वक्ताला काढून घ्यायचो घोंगडी. ह्यो डाव तरी साधंल. मग नागू आणील का गं माझी बांडी परत?"

आयुष्यात मी कुणाला बोलायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. पण ह्या माणसाला मी काय सांगणार होते? तुमच्याच मायेनं तुमच्या शेळ्या गेल्या, हे? आणि ती माया चुकीची होती हे सांगायचं राहिलं, ते माझ्यामुळं, हे? मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. ते न करता मी घोंगडीचं निसटलेलं टोक आत खोचलं.

"झाका आबा," मी म्हणाले. "चांगलं झाकलंय."

साबण फुटलाच. मी तो त्यांच्या नजरेस पडायच्या आत परसात पुरला, आणि झकास निघाला, मंडळाच्या दुकानात देऊन आले, असं त्यांना सांगितलं. ते इतके खूश झाले की त्या संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या.

लगेचच्या गुरुवारी ते पहाटेच उठले आणि ओढ्यावरून सुबाभळीचा पाला तोडून आणला. दावणीत पसरून ठेवला आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. संध्याकाळी नागेश रिकाम्या हातानं आला. आबा म्हणाले, "असू दे, पुढच्या बाजारी."

पुढच्या गुरुवारीही त्यांनी पाला आणला. मी नागेशला सगळं सांगितलं, तेव्हा तोही रडला. पण बांडी कुठल्या गावच्या माणसानं नेली ते त्यालाही माहीत नव्हतं. दुसरी शेळी आणू द्यायला कॉलनी तयार नव्हती, आणि आबांना दुसरी नकोच होती. उन्हाळ्यापर्यंत दर गुरुवारी आमच्या दावणीत पाला पडत राहिला, आणि दर शुक्रवारी तो वाळलेला पाला मी कुणाला काही न बोलता झाडून काढत राहिले.